परत न आलेला कोट

६ सप्टेंबर

आणि बाहीचं म्हणाल तर ती मी बरोबरच लावली होती. हे मी दुकानात सांगितलं, दारात सांगितलं, रस्त्यावरून ओरडून सांगितलं, आता लेखी देतो. त्या बँकवाल्या साहेबांचा उजवा खांदाच खाली आहे. चाळीस वर्षं एकाच हातात बॅग धरून हिंडलेला माणूस, त्याला कुठलीही बाही लावा, पीळ पडणारच. पण तुम्ही त्यांचा खांदा बघितला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ब्लेड उचललंत आणि दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना कोट उसवायला घेतलात. नुसती बाही नव्हे, अख्खा कोट. कॉलरसुद्धा. आणि तोंडातून एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्यात तर मी राहिलो असतो, बाबा. शिव्यांची मला सवय होती.

फोनवर तुम्ही ‘कोण?’च्या पुढे जात नाही. मी ‘मी’ म्हटलं की खट्ट. म्हणून पत्र. पत्र आपटता येत नाही. फार तर फाडता येतं, पण कागद वाया घालवायचा म्हटलं की तुमच्या जिवावर येतं, हे मला माहीत आहे. पाठकोरं आहे, ते बघून तरी ठेवाल.

ताई सांगत होती, तुम्ही म्हणालात, ‘तिकडे काय करतो? झाडू मारत असेल.’ झाडू मारत नाही. मी उपग्रह बनवतात त्या कारखान्यात आहे. हवामानाचा उपग्रह. ढग कुठे, वादळ कुठे, समुद्र किती तापलाय, हे वरून बघणारा. आमच्या हॉलच्या पोटात तुमच्यासारखी वीस दुकानं मावतील. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर फडकं, हातात मोजे. दारात उभं करून अंगावर वारा सोडतात, धूळ झडावी म्हणून. केसाचा एक तुकडा आत गेला तर चौकशी होते. सातवी नापास माणसाला तिथे आत घेतात, हे जरा लक्षात घ्या. मी तिथे मशीनवर असतो. कसली मशीन, ते सांगून तुम्हाला कळायचं नाही.

तुमच्या दुकानाचा नियम मी विसरलेलो नाही. शिकाऊ माणसाने शिवलेलं कापड तीन महिन्यांत अल्टरला परत आलं नाही, तर त्याची पूर्ण शिलाई त्याच्या हातावर, सगळ्यांच्या देखत. धाकट्या मामाला मिळाली, ज्याला सुईचं टोक कुठलं नि नेढं कुठलं हे विचारावं लागायचं. मला साडेचार वर्षांत एकदाही नाही. दर वेळी काहीतरी परत आलंच. कधी काज, कधी खिसा. तुमची गिऱ्हाइकं मुद्दाम आणायची, माझं असं मत आहे.

आईच्या फोटोची काच तडकली होती ती बदललीत का? ताईला विचारलं तर तिने विषय बदलला.

२ ऑक्टोबर

ताई चहाडखोर आहे. झगा घातलेला फोटो मी तिला पाठवला रुबाब बघावा म्हणून, आणि तिने तो मोठा करून करून माझ्या हातातली सुई शोधली. वर तुम्हाला सांगून टाकलं. तुम्ही हसलात म्हणे. खोकला लागेपर्यंत हसलात, पाणी प्यावं लागलं.

हसा. हो, शिवतो. शिलाई मशीनच होती ती. झालं समाधान?

मी इथे खोकी उचलायला लागलो होतो. एक दिवस आतल्या खोलीत एक बाई मशीनला नको नको ते बोलत होत्या. बॉबिन अडकली होती. मी काचेतून खूण केली, त्यांनी मला झगा चढवून आत घेतलं, मी दोन मिनिटांत बॉबिन काढून दिली. त्या दिवसापासून खोकी सुटली. त्यांना सगळे मावशी म्हणतात, इथले मोठे साहेबसुद्धा. मावशी पूर्वी पॅराशूट शिवायच्या. म्हणतात, ‘माझ्याकडे अल्टरला कधी काही आलं नाही. चांगलं शिवलं तेव्हाही नाही आणि वाईट शिवलं असेल तेव्हाही नाही.’ आणि स्वतःच खो खो हसतात.

आता काय शिवतो ते ऐका. वर हवा नसते. उपग्रहाच्या एका कुशीला ऊन लागतं ते भाजून काढणारं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुशीला असा गारठा की पाण्याचं सोडा, हवेचाही दगड होईल. म्हणून त्याला अंगभर पांघरूण लागतं. इथे त्याला ब्लँकेट म्हणतात. मी कोट म्हणतो. कारण त्याला मुंढे आहेत, खांदे आहेत, काजं आहेत, आणि कागदी फर्म्यावरून बेतावा लागतो. कापड म्हणजे सोनेरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. त्याचे वीस थर, आणि दर दोन थरांमध्ये मच्छरदाणीसारखी जाळी. जाळी कशाला? थर एकमेकांना टेकू नयेत म्हणून. टेकले की ऊब पळाली.

आणि आता मन घट्ट करून वाचा. टाका आवळला की थर दाबले जातात, म्हणून इथे टाका सैल लागतो. जवळजवळ घातला की दर भोकातून ऊब गळते, म्हणून लांब लागतो. इस्त्रीला बंदी. सुरकुती पडली तर पडू दे म्हणतात. ‘टाका लांब, ताण सैल, कापड चुरगळलेलं’ म्हणून मी साडेचार वर्षं तुमची बोलणी खाल्ली. इथे पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, ‘अरे, तुझा हात तर याच कामासाठी घडलाय. कुणाकडे शिकलास?’

मी म्हटलं, ‘कुणाकडेच नाही.’

हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितोय.

ताई विचारत होती की हा उपग्रह सगळी पृथ्वी कशी बघतो. इथल्या इंजिनिअर लोकांनी मला दोनदा सांगितलं, फळ्यावर गोल काढले, डोकं उठलं. मग माझं मलाच कळलं. आपली मशीन आठवा. सुई जागच्या जागी वर-खाली, वर-खाली. सरकतं ते कापड. तसंच आहे हे. उपग्रह वरच्या टोकावरून खालच्या टोकाकडे, परत वर, दिवसातून चौदा वेळा, वाट ठरलेली. आणि पृथ्वी त्याच्याखालून आडवी सरकत राहते. दर फेरीला नवी पट्टी दिसते. पट्टीला पट्टी जोडत गेलं की दिवसभरात अख्खी पृथ्वी शिवून होते. हे मी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘हे मी माझ्या भाषणात घेऊ का?’ मी म्हटलं घ्या.

अडचण एकच आहे, दोऱ्याची. कोपऱ्यात मशीन जात नाही, तिथे हाताने शिवायचं, आणि हातमोजे घालून दोरा ओवणं म्हणजे काय छळ आहे ते करून बघा. तुमचं वाक्य सारखं आठवतं. शिंप्याला तोंड दिलंय ते दोरा ओला करायला, बडबड करायला नाही. इथे उलटं आहे. फडक्यामुळे दोरा ओला करता येत नाही, बडबड मात्र मनसोक्त करता येते. मला तर हे मानवलंय.

१९ ऑक्टोबर

पत्र छोटंच आहे. वेळ नाही.

एक विचारायचं होतं. धंद्यातलं आहे म्हणून विचारतो, दुसरं काही समजू नका. माझ्या शेजारी एक जण बसतो. चांगला कारागीर आहे, पण आधी बाहेर शिंपीकाम केलेला, त्यामुळे जुन्या सवयी. उपग्रहाला एक डोळा आहे, ढगांची ऊब बघणारा. त्याच्या आतला आरसा इतका गार ठेवतात की आजूबाजूला कसलीही वाफ असली तर ती धावत जाऊन त्याच्यावर बसते, चहा पिताना चष्म्यावर बसते तशी. फक्त ती पुसायला वर कोणी नाही. तर त्या डोळ्याभोवतीचा कोट हा जो शेजारी शिवत होता, शेवटचा कोपरा, हाताचे टाके. दोरा नेढ्यात जाईना. दहा वेळा केलं. आणि अकराव्या वेळी त्याने फडकं खाली ओढलं, दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, ओवलं आणि शिवून टाकलं. हे सगळं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

कोणी बघितलं नाही. आमच्याकडे एक तपासनीस आहेत, त्यांना आम्ही भिंग म्हणतो, कारण भिंगाशिवाय त्यांना कोणी पाहिलेलं नाही. त्यांनीही कोट तपासून सही केली. थुंकी वाळली की दिसत नाही.

आता तुम्ही असता तर काय केलं असतंत? विचारतो आणि उत्तरही मीच देतो. चार माणसं गोळा केली असतीत आणि ब्लेड मागवलं असतंत.

त्या शेजाऱ्याला तीन दिवस जेवण जात नाही, एवढंच.

२५ ऑक्टोबर

शेजारी बसणारा कोणी नाही. तुम्हाला ते वाचतानाच कळलं असणार.

आणि दोरा तोंडात घालायचं मी कुठून शिकलो, तेही तुम्हाला माहीत आहे. तुमच्या दुकानातून मी कात्री आणली नाही, टेप आणली नाही, एक खडूचा तुकडा आणला नाही. आली ती ही एक खोड.

आमच्याकडे एक चुकांची वही असते. पानांवर छापील आकडे, त्यामुळे पान फाडता येत नाही. लिहायचं ते निळ्या शाईच्या पेनने, खोडायचं नाही, गिरवायचं नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः लिहायचं: तारीख, तुकडा, काय झालं, कोणी केलं. मी आधी मावशींना सांगितलं. मावशींनी शिवता शिवता मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘मला का सांगतोस? वही तिथे आहे. आणि तिथे नाही लिहायचं असेल तर मी काही ऐकलं नाही.’

मी लिहिलं. ‘थुंकी’ शब्द किती वर्षांनी लिहिला कोण जाणे, उकारच चुकला, आणि खोडायची सोय नाही. तसाच राहिला आहे. कायमचा.

तासाभरात साहेब आले. झगा न घालताच दारापर्यंत आले, त्यावरून समजा.

‘कोणी बघितलं?’

‘कोणी नाही.’

‘कॅमेऱ्यात आलंय?’

‘माझी पाठ होती.’

‘मग कशावरून म्हणतोस दोऱ्यावर लागली?’

‘फडक्यावर नव्हती, साहेब. कुठेतरी गेलीच असणार ना?’

‘हे बघ, एक थेंबसुद्धा नसेल. अर्धा थेंब. आता तू लिहिलंस म्हणजे मला तो कोट काढावा लागणार, नवा करावा लागणार. सहा दिवस जातील. लाँचचा दिवस ठरलाय. कळतं का तुला?’

‘कळतं. म्हणून तर उडायच्या आधी लिहिलं.’

बाबा, माझा आवाज नाही लटपटला. तुमच्यासमोर जसा बोलायचो तसाच बोललो, आणि तुमच्यासमोर ती माझी सगळ्यात वाईट खोड होती.

साहेब लाल झाले. ‘वर तोंड करून बोलतोयस? उद्या वर गेल्यावर चित्र धूसर आलं ना, तर जगातले दहा तज्ज्ञ बसतील आणि दहाही जण बोट ठेवतील ते तुझ्या या ओळीवर. दुसरं काही शोधणारसुद्धा नाहीत. आयुष्यभर सुई हातात धरू देणार नाही तुला कोणी.’

मावशी म्हणाल्या, ‘साहेब, पोराला ओरडून झालं असेल तर फर्मा काढून द्या. सहा नाही, चार दिवसांत देते.’

साहेब गेले. मग मावशी उठल्या. आमच्या खोलीला एक सरकतं दार आहे, एरवी उघडंच असतं. मावशींनी ते लावून घेतलं. आतून कडी घातली. काचेवर कागद चिकटवला. मग ब्लेड माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘तूच उसव. तुझे टाके तुलाच माहीत.’ आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मी उसवलं. एकशे बारा टाके. मध्ये कधीतरी डोळ्यांतून पाणी आलं, तर मावशी पाठ न वळवता म्हणाल्या, ‘तेही पडू देऊ नकोस कापडावर. परत वही लिहावी लागेल.’

दार लावता येतं, बाबा. आपल्या दुकानालाही दार आहे.

चार दिवस मी आणि मावशींनी मिळून नवा कोट बेतला. शिवला मी. त्या फक्त बघत होत्या. दोरा नेढ्यात जाईना तेव्हा चिमटा वापरला, पंचवीस-पंचवीस मिनिटं लागली एका ओवणीला. भिंगांनी या वेळी दोनदा तपासला आणि मान हलवली. कोट डोळ्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी मला शिवणकामावरून काढलं. उपग्रह वर जाऊन नीट चालतोय हे ठरेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. आता मी झग्यांच्या खोलीत आहे. आत जाणाऱ्यांना धुतलेले झगे द्यायचे, बाहेर येणाऱ्यांचे मळके घ्यायचे, धुलाईच्या मशीनमध्ये टाकायचे. म्हणजे परत मशीनवरच आहे. हसायचं असेल तर हसा, या वेळी मीही हसलो.

घरी यायचं का, असं ताईने विचारलं. नाही. पळून आलो तो एकदाच. इथून पळणार नाही.

११ जानेवारी

परवा दुपारी उडाला.

मी बघितला नाही. मोठ्या खोलीत भिंतीवर टीव्ही लावला होता, सगळे तिथे होते, मला कोणी ये म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. मी झगे मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि मशीनच्या गोल काचेसमोर बसलो. आत पांढरे झगे फिरत होते. मग भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळाने आणखी टाळ्या, या वेळी जोरात. तो रॉकेटपासून सुटा झाला तेव्हाच्या. मी मशीन थांबवली नाही. धुलाई अर्ध्यावर सोडली की डाग बसतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. ताईने काल फोन केला आणि कुजबुजत म्हणाली, ‘बाबा विचारताहेत, टाका किती लांबीचा ठेवलाय?’ मी म्हटलं, ‘बाबा विचारताहेत?’ ती म्हणाली, ‘कापड बेतता बेतता, खाली मान घालून. मी विचारलं कुणाचा टाका, तर म्हणाले, कुणाचा म्हणजे? त्या कोटाचा.’

चार महिने. चार पत्रं. आणि तुमच्याकडून आलेली पहिली चौकशी टाक्याच्या लांबीची. मी कसा आहे ते नाही, जेवतो का नाही, थंडी किती आहे नाही.

सांगणार नाही. फोन उचला आणि स्वतः विचारा.

पुढचं मात्र सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. उडाला म्हणजे झालं असं नसतं. वर गेल्यावर त्याला कामाला लावावं लागतं. आधी उन्हाकडे पंख उघडायचा. मग एकेक यंत्र चालू करायचं, एकदम सगळी नाहीत. आणि डोळा सगळ्यात शेवटी. त्याच्यावर झाकण आहे. त्याला कित्येक आठवडे मुद्दाम गरम ठेवतात, इथून नेलेला सगळा दमटपणा, वास, ओल, जे काय अंगात असेल ते उडून जावं म्हणून. सादळलेलं कापड उन्हात टाकावं तसं. मग झाकण उघडायचं, मग गार करायचं, मग पहिलं चित्र. चित्रावर धुकं दिसलं तर साहेबांनी सांगितलेले ते दहा तज्ज्ञ. नाही दिसलं तर आणखी तपासण्या, आणि मग तो हवामान खात्याच्या ताब्यात.

एकूण किती दिवस लागतात, मी विचारलं. साहेब म्हणाले, ‘साधारण तीन महिने.’

तीन महिने. तुमचाच आकडा. मी मावशींना दुकानाचा नियम सांगितला. मावशी म्हणाल्या, ‘तुझे बाबा भलतेच चिवट दिसतात.’ मी म्हटलं, तुम्हाला अजून काहीच माहीत नाही.

रोज सकाळी आत जाणाऱ्या माणसाच्या हातात झगा देताना मी त्याचं तोंड बघतो. चांगली बातमी असेल तर आधी तोंडावर दिसेल. सगळे झोपेतून उठल्यासारखे दिसतात, काही कळत नाही.

(बोटाच्या एका पेराएवढा. एक टाका, एक पेर. आता लिफाफा चिकटवणारच होतो, पण राहवलं नाही.)

१४ एप्रिल

बाबा,

डोळ्याचं झाकण उघडलं फेब्रुवारीच्या शेवटी. मी तेव्हा लिहिलं नाही, कारण एका चित्रावरून बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, घाई झाली.

आरसा गार झाल्यावर एक दिवस साहेब झग्यांच्या खोलीत आले. मी सवयीने झगा पुढे केला. म्हणाले, ‘झगा नको. चल.’ मला वाटलं संपलं. मोठ्या खोलीत नेलं, भिंतीवर चित्र होतं. समुद्र, त्याच्यावर ढगाचं एक वेटोळं, एवढं मोठं की तिथल्या माणसांना खाली कळतही नसेल आपण कशाच्या पोटात आहोत. पट्टीला पट्टी जोडलेली. मी आधी जोड बघितले. सवय आहे. कुठे ओढ नाही, कुठे झोल नाही. मग धुकं शोधलं. डावा कोपरा बघितला, कारण माझा कोपरा डावीकडचा. ढगाची कड अशी स्वच्छ होती, जशी ब्लेडने कापलेली.

मी विचारलं, ‘धूसर नाही ना?’

साहेब म्हणाले, ‘ठरवलं होतं त्यापेक्षा आरसा जास्तच गार झालाय. कोट चांगला बसलाय म्हणायचा.’ आणि मग दुसरीकडेच बघत म्हणाले, ‘ओरडलो होतो त्या दिवशी.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘बरंच.’

मावशी मागून म्हणाल्या, ‘अरे, आता तरी नम्रपणे बोल.’ पण त्यांना मजा वाटत होती.

नऊ तारखेला तीन महिने झाले. परवा बारा तारखेला उपग्रह हवामान खात्याच्या ताब्यात दिला. भिंगांनी चुकांची वही आणली, माझी ओळ काढली, समोर तारीख टाकून ‘बंद’ लिहिलं आणि ते पान मला दाखवलं. उकार तसाच आहे. उद्यापासून मी परत मावशींच्या खोलीत. दुसरा उपग्रह बेतायला घेतलाय, पहिल्यापेक्षा लांब.

आता तुमच्या-माझ्यातलं.

बाही मी चुकवली होती. मुंढ्याची मागची खाच मी पुढे धरली. तुम्ही ब्लेड लावलंत, पाच-सहा टाके सुटले, आणि मला ती खाच दिसली. त्या साहेबांचा खांदा चांगला सरळ आहे. मी तेव्हा बोललो नाही, कारण चार माणसं बघत होती. मग दारात खोटं बोललो, रस्त्यात खोटं बोललो आणि सप्टेंबरात पाठकोऱ्या कागदावर लेखी खोटं बोललो. तुमच्याकडे वही असती तर ही ओळ तिथे गेली असती. वही नाही म्हणून इथे लिहितो, निळ्या पेनने. खोडणार नाही.

पण दार लावायला हवं होतंत. बाहीचं मी मान्य केलं, हे मी करणार नाही. तुम्ही कितीही चांगले कारागीर असा, आणि आहात. बाही चुकली तर बाही उसवायची. कॉलरने तुमचं काय घोडं मारलं होतं? ती सरळ होती. ती मी सरळ शिवली होती.

ताई चहाडखोर आहे हे मी आधी लिहिलंच आहे. तिने सांगितलं, दुकानातल्या कॅलेंडरवर तुम्ही जानेवारीतच नऊ एप्रिलच्या चौकोनात खडूने फुली मारली होतीत, आणि कोणी पुसू नये म्हणून वर चिकटपट्टी लावलीत. आणि गेल्या आठवड्यात तुम्ही तिला दोनदा विचारलंत की ‘परत आला नाही ना काही?’ तिने विचारलं, ‘काय परत यायचंय?’ तर तुम्ही मशीन चालवायला लागलात.

नाही आला, बाबा. येणारही नाही. मान वर करून बघा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो तुमच्या दुकानावरून जातो. दिसत नाही, पण जातो.

म्हणून आता नियमाप्रमाणे. मला आठ दिवसांची रजा आहे, मी तेवीस तारखेला येतोय. घरी नाही, आधी दुकानात. अकराच्या सुमाराला, गर्दीच्या वेळी. बँकवाले साहेब असले तर उत्तम, नसले तर निरोप पाठवून बोलवा. त्यांच्यासमोर मी बाहीचं कबूल करीन, मोठ्याने. आणि मग त्यांच्याच समोर तुम्ही शिलाई माझ्या हातावर ठेवायची. तुमचा नियम तीन महिन्यांचा आहे, गिऱ्हाईक जमिनीवरचंच पाहिजे असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

या कोटाची शिलाई तुम्हाला कोणी दिलेली नाही, म्हणून तुम्ही खिशातून घालावी असं मी म्हणणार नाही. ती मीच पाठवतोय. मावशी म्हणाल्या, जगात स्वतःची शिलाई स्वतःच पाठवणारा तू पहिलाच. असेन. मला पैसे नकोत, ते माझ्याकडे आहेत. मला ते तुमच्या हातातून हवेत, दार उघडं ठेवून.

पटत नसेल तर रक्कम उलट टपाली परत करा, मी समजेन आणि इथेच राहीन. पटत असेल तर ठेवून घ्या, एवढंच पुरे. पत्र लिहायची गरज नाही.

आकडा तुमच्याच भिंतीवरच्या पाटीवरून घेतलाय, ‘कोट, अस्तरासह’ या ओळीपुढचा. वीस अस्तरांचे मी जास्त लावलेले नाहीत.

पाठवतोय: अठराशे.